पुलाला छप्पर कशाला? लँकेस्टरचे लाकडी पूल आणि आसपासची गावं: एका दिवसाचा सविस्तर बेत

आईबाबा पहिल्यांदा न्यू जर्सीला आले तेव्हा त्यांना न्यूयॉर्क दाखवलं, नायगारा दाखवला, वॉशिंग्टनची सगळी स्मारकं दाखवली. प्रत्येक ठिकाणी बाबा "छान आहे" म्हणायचे आणि बसायला जागा शोधायचे. मग एका शुक्रवारी पेन्सिल्व्हेनियात लँकेस्टरजवळच्या एका ओढ्यावर गाडी थांबवली. समोर लाल रंगाचा, गोठ्यासारखा दिसणारा लाकडी पूल होता. बाबा आत शिरले आणि वीस मिनिटं बाहेर आले नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाले, "हा तर आपला साकव. पण पुलाला छप्पर कशाला?"

बाबांचं लहानपण संगमेश्वराकडचं. पावसाळ्यात पऱ्ह्यावरचा साकव वाहून जायचा आणि पाणी ओसरलं की गाव तो पुन्हा बांधायचं. लाकडी पूल म्हणजे दर वर्षाचं काम, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. इथे मात्र सव्वाशे वर्षांचा लाकडी पूल समोर उभा होता आणि त्यावरून गाड्या जात होत्या. त्यानंतर पाहुणे आले की मी त्यांना तिकडे नेतो. त्या सगळ्या फेऱ्यांतून जे कळलं ते इथे लिहितोय. (या पुलांना सरळ 'छपरी पूल' म्हणता आलं असतं, पण त्या शब्दाचं हल्ली काय झालंय ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून 'छपराचे पूल'.)

छप्पर कशाला, ते आधी

हे निघण्याआधीच समजून घ्या, नाहीतर तिसऱ्या पुलापाशी मुलं "पुन्हा तेच" म्हणून गाडीतून उतरणार नाहीत.

छप्पर आपल्यासाठी नाही, लाकडासाठी आहे. पुलाचा खरा भार दोन्ही बाजूंच्या लाकडी कैच्या, म्हणजे खांब आणि तिरके दांडे जोडून केलेले सांगाडे, पेलतात. त्यांच्या सांध्यांत पाणी मुरलं की लाकूड आतून कुजतं आणि पूल दहा-पंधरा वर्षांत जातो. वरून छप्पर आणि बाजूंनी फळ्या ठोकल्या की तेच लाकूड शंभर वर्षं कोरडं राहतं. छप्पर आणि फळ्या वेळोवेळी बदलता येतात, कैची बदलणं म्हणजे नवा पूल बांधणं. घोड्यांना खालचं पाणी दिसून ते बुजू नयेत म्हणून पूल झाकले, असंही सांगितलं जातं. गोष्ट गोड आहे, पण मूळ कारण पाऊस.

अमेरिकेतला पहिला मोठा छपराचा पूल फिलाडेल्फियात स्कूलकिल नदीवर १८०५ साली झाला. टिमथी पामर हा त्याचा बांधणारा. पूल झाकून घ्या, असा आग्रह मात्र रिचर्ड पीटर्स नावाच्या न्यायाधीशांचा होता. तो पूल आता नाही. पण पद्धत पसरली आणि आज सर्वांत जास्त छपराचे पूल पेन्सिल्व्हेनियातच आहेत, दोनशेहून अधिक. त्यातही लँकेस्टर काउंटी सगळ्यांच्या पुढे, तिथे पंचवीसहून जास्त उरलेत.

लँकेस्टरच का, याचं उत्तर पुलांच्या नावांत आहे. हन्सेकर्स मिल, झूक्स मिल, लँडिस मिल, बुशाँग्स मिल. प्रत्येक ओढ्यावर पाणचक्की होती, शेतकरी धान्य दळायला तिकडे न्यायचे आणि पलीकडच्या काठावरच्या शेतकऱ्याला पूल लागायचा. आपल्याकडे 'पाटलाचा ओढा' किंवा 'गुरवाचा पूल' म्हणतात तसं हे चक्कीवाल्याचं नाव. चक्क्या बहुतेक गेल्या, नावं राहिली.

वार आधी, तारीख नंतर

पहिली चूक मी इथे केली. रविवारी गेलो. पूल काही रविवारी बंद नसतात, पण बाकी सगळं बंद असतं. इथली आमिश मंडळी, म्हणजे घोडागाडी वापरून जुन्या पद्धतीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ, रविवारी धंदा करत नाहीत. फार्मवरचे स्टॉल, बेकऱ्या, रजयांची दुकानं, सगळ्यांना कुलूप. दुपारी दीड वाजता पेट्रोल पंपावरचे वेफर्स खाताना आई काही बोलली नाही, पण तिची नजर पुरेशी होती.

लँकेस्टर शहराचं सेंट्रल मार्केट मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार या तीन दिवशी भरतं, तेही सकाळपासून दुपारपर्यंतच. म्हणून शुक्रवार सर्वांत चांगला. सुट्टी मिळणार नसेल तर शनिवार, पण मग रूट ३० वरची रांग गृहीत धरा.

आता ऋतू. सगळे ऑक्टोबरचा मध्य ते अखेर सांगतात. रंगीत पानं, भोपळे, मक्याच्या शेतातले चक्रव्यूह, सगळं खरं आहे आणि गर्दीही तितकीच खरी. माझं मत थोडं वेगळं आहे. पूल नीट पाहायचा असेल तर एप्रिल. झाडांना पानं फुटलेली नसतात, त्यामुळे काठावरून पुलाची पूर्ण बाजू आणि खालचे दगडी आधार दिसतात. शेतांत खेचरं नांगर ओढत असतात. ऑगस्टमध्ये मका डोक्याच्या वर जातो आणि रस्त्यावरून दोन्ही बाजूंना फक्त हिरव्या भिंती दिसतात. हिवाळ्यात बर्फातला लाल पूल सुंदर दिसतो, पण आईबाबांना घेऊन निसरड्या काठावर उतरू नका.

दोनपैकी एक फेरी निवडा

काउंटीतले सगळे पूल एका दिवसात मोजायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. संध्याकाळी त्यांच्याकडे पंचवीस फोटो असतात आणि कोणता फोटो कुठल्या पुलाचा ते सांगता येत नाही. तीन पूल, एक गाव, एक बाजार. एवढंच.

पूर्वेची फेरी पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी. पॅरडाइस गावाजवळ बेलमाँट रोडवर लीमन प्लेस पूल आहे. ओढ्याचं नाव इंग्रजीत वाचून आपण 'पेक्विया' म्हणू, स्थानिक लोक 'पेक्वे' म्हणतात. सध्याचा पूल १८९३ चा, एलायस मॅक्मेलन या बांधणाऱ्याचा. हा माणूस यादवी युद्धात कॅप्टन होता आणि लँकेस्टरच्या कितीतरी पुलांवर त्याचं नाव सापडतं. बाबा वीस मिनिटं उभे राहिले तो पूल हाच. या पुलावरून आमिश घोडागाड्या रोज जातात, त्यामुळे थोडा वेळ थांबलात तर टापांचा आवाज आतून ऐकायला मिळतो. इथून स्ट्रॅसबर्ग, इंटरकोर्स आणि बर्ड-इन-हँड ही गावं जवळ.

उत्तरेची फेरी पुलांसाठी जास्त चांगली. कोनेस्टोगा नदीवर हन्सेकर्स मिल पूल आहे, १८० फुटांचा, काउंटीतला एकाच गाळ्यात नदी ओलांडणारा सर्वांत लांब पूल. नदीत मधे एकही आधार नाही. तिथून दहा-पंधरा मिनिटांवर पाइनटाउन पूल. जून १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरात हे दोन्ही पूल आपापल्या आधारांवरून उचलले गेले आणि १९७३ साली पुन्हा उभे राहिले. पाइनटाउनचं काम आमिश सुतारांनी केलं. मग कोकॅलिको ओढ्यावरचा झूक्स मिल पूल बघा, १८४९ चा. त्याच पुरात याच्या आत पुरुषभर पाणी चढलं होतं, तरी तो जागचा हलला नाही. मोठे दोन गेले आणि हा लहानखुरा राहिला. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी गावच्या साकवाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. झूक्स मिलवरून लिटिट्स गाव जवळ आहे.

दोन्ही फेऱ्यांत बसत नाही असा एक पूल गंमत म्हणून पाहा: लँडिस मिल. १८७३ चा, जेमतेम पन्नास फुटांचा. पार्क सिटी हा मोठा मॉल जवळच आहे. चारही बाजूंनी दुकानं आणि गाड्या वाढल्या आणि हा ओढ्यावर तसाच राहिला. मुलांना मॉलचं आमिष दाखवून पूल दाखवायचा असेल तर याहून सोयीची जागा नाही.

रस्ता आणि पत्ता

एडिसनच्या बाजूने निघालात तर सव्वादोन तास धरा, फिलाडेल्फियाहून दीड तास. पेन्सिल्व्हेनिया टर्नपाइकला टोल लागतो, ईझीपास गाडीत असू द्या. गाडी नसेल तर फिलाडेल्फियाहून अ‍ॅमट्रॅकची कीस्टोन गाडी साधारण सव्वा तासात लँकेस्टरला पोचवते. बाजार आणि शहर त्यात होईल, पण पुलांसाठी पुढे गाडी लागेलच.

फोनच्या नकाशात नुसतं 'कव्हर्ड ब्रिज' टाकू नका. तो तुम्हाला त्याच नावाच्या गृहसंकुलात किंवा बागेत नेईल. पुलाचं पूर्ण नाव आणि रस्त्याचं नाव टाका. काही पुलांना दोन-तीन नावं असतात, पाइनटाउनलाच बुशाँग्स मिलही म्हणतात. गोंधळ झाला तर प्रत्येक पुलाचा एक क्रमांक असतो तो बघा. सुरुवातीचे ३८ म्हणजे पेन्सिल्व्हेनिया, राज्यांच्या वर्णक्रमाने. पुढचे ३६ म्हणजे लँकेस्टर काउंटी. त्यानंतरचा आकडा पुलाचा. आमच्या धाकट्याला पूल आवडत नाहीत, पण हे आकडे जुळवायला आवडतात.

निघण्याच्या आदल्या रात्री पूल वाहतुकीला उघडा आहे ना ते तपासा. लाकडी पुलांची दुरुस्ती सतत चालू असते आणि एकदा बंद झाला की महिनोन्‌महिने बंद राहतो. एकदा मी फोनवर विसंबून थेट अडथळ्याच्या पाट्यांपाशी पोचलो. वळसा घालून पलीकडे जाईपर्यंत मागच्या सीटवर दोन भांडणं होऊन गेली होती. पूल गाड्यांना बंद असला तरी चालत आत जाऊ देतात का, हे तिथली पाटी सांगते. पाटी नाही म्हणत असेल तर नाही.

आणखी एक. मोठी व्हॅन भाड्याने घेणार असाल, छतावर सामान बांधणार असाल, तर पुलाच्या तोंडावरची उंची आणि वजनाची पाटी वाचल्याशिवाय आत घालू नका. दहा-बारा जणांच्या मंडळात कुणीतरी म्हणतोच, "जाईल रे." त्याला खाली उतरवून पाटी वाचायला लावा.

पुलापाशी पोचल्यावर

बहुतेक पूल एकपदरी आहेत. जो आधी शिरला तो आधी जाणार. समोरून दिवे दिसले तर अलीकडे थांबा. आपले दिवे लावा, गती अगदी कमी ठेवा. आत घोडागाडी असेल तर ती पूर्ण बाहेर पडेपर्यंत वाट पाहा आणि हॉर्न वाजवू नका, घोडा बुजतो. एकदा गाडीतूनच पूल पार करा, काचा खाली करून. खालच्या फळ्यांचा खडखडाट आणि अचानक येणारा गारवा, हे फोटोत येत नाही.

मग पलीकडे रस्त्याच्या कडेला, शेतात चाक न घालता गाडी लावा आणि चालत परत या. आत कडेकडेने चाला. मुलांचा हात धरा. गाडी आली की तिचा आवाज आत घुमतो आणि ती कुठल्या बाजूने येतेय ते पटकन कळत नाही.

आता वर आणि बाजूंना बघा. कोकणातलं कौलारू घर ज्यांनी आतून पाहिलंय त्यांना अर्धं आधीच कळेल. घराच्या कैचीत मधोमध एक उभा खांब असतो आणि दोन्ही बाजूंनी तिरके वासे त्याच्या माथ्याला भिडतात. पाहणाऱ्याला वाटतं तो खांब छप्पर उचलून धरतो. खरं तर तो खालच्या तुळईला वर लटकवून धरत असतो. पुलाच्या बाजूला नेमकी हीच कैची आहे, फक्त ओळीने अनेक खांबांची. तिरके दांडे पाहत चला. खालून वर जाताना ते सगळे पुलाच्या मध्याकडे झुकलेले असतात. चालता चालता एक खांब असा येईल की दोन्हीकडचे दांडे त्याच्याच माथ्याशी भिडलेत. तो पुलाचा मध्य. मुलांना शोधायला लावा, जो आधी शोधेल त्याला प्रेट्झेल.

या ओळीला चिकटून दोन्ही बाजूंना एक लांबच लांब लाकडी कमान गेलेली दिसेल. ही थिओडोर बर यांची युक्ती, १८१७ चं पेटंट. नुसती कैची लांब अंतरावर खचते, नुसती कमान चालत्या वजनाखाली डुलते. त्यांनी दोन्ही एकत्र बांधल्या. लँकेस्टरचे बहुतेक पूल या पद्धतीचे आहेत. आपण वर उल्लेख केलेला मॉलजवळचा लँडिस मिल मात्र नाही. पन्नास फुटांना कमानीची गरजच पडली नाही, नुसत्या कैचीवर भागलं. हन्सेकर्स पाहून मग लँडिस पाहिला की कमान कशासाठी हे न सांगता कळतं.

कमानीची टोकं कुठे जातात? आत उभं राहून दिसत नाहीत, जमिनीखाली शिरल्यासारखी वाटतात. त्यासाठी काठावर उतरावं लागतं. तिथून दिसतं की ती थेट दगडी आधारात रुतली आहेत आणि पुलाचा बराचसा भार दगडावर सोपवलाय. उतरण्याआधी पाहा की ती जमीन कुणाच्या मालकीची तर नाही. कुंपण किंवा 'नो ट्रेसपासिंग' दिसलं की वरूनच बघा.

बाबांचं लक्ष सांध्यांकडे असतं. ते खाच आणि कुसू शोधतात, बोट फिरवतात, लाकडी खुंटी कुठे आणि लोखंडी बोल्ट कुठे ते मोजतात. छोटी बॅटरी सोबत ठेवा, भर दुपारीही आत अंधार असतो. फोटोचं म्हणाल तर ढगाळ दिवस चांगला. कडक उन्हात आतून बाहेरचा फोटो काढला की एकतर बाहेर नुसता पांढरा झोत येतो, नाहीतर आत काळोख. बाहेरून बहुतेक पूल लाल आणि तोंडाशी पांढरे असतात, ते ढगाळ हवेत जास्त उठून दिसतात.

आत सिगारेट नको. सुकलेलं जुनं लाकूड आहे, पुराइतकीच या पुलांना आगीची भीती.

गावं

आधी उच्चार. 'लॅन्कॅस्टर' म्हटलंत की तुम्ही बाहेरचे. ते 'लँकिस्टर' म्हणतात, जोर पहिल्या अक्षरावर. जवळच्या Ephrata गावालाही एफ्राटा नाही, 'एफ्रटा' म्हणतात. आणि हो, एका गावाचं नाव इंटरकोर्स आहे. आईबाबांसोबत त्या पाटीपाशी प्रत्येक मराठी कुटुंब एकदम खिडकीबाहेरच्या गाईंकडे बघू लागतं. नावाचा जुना अर्थ येणं-जाणं, व्यवहार, एवढाच आहे. १८१४ पासून गाव हेच नाव लावतं.

सकाळ लँकेस्टर शहरात घालवा. सेंट्रल मार्केटची लाल विटांची इमारत १८८९ ची आहे, बाजार मात्र १७३० च्या दशकापासूनचा. आपल्या मंडईत शिरल्यासारखं वाटतं, फक्त आवाज कमी. साडेआठच्या आत पोचा. पार्किंग जवळच्या गॅरेजमध्ये करा.

पूर्वेच्या फेरीत स्ट्रॅसबर्गची आगगाडी ठेवा. स्ट्रॅसबर्ग रेल्वेला सनद मिळाली १८३२ साली, म्हणजे बोरीबंदर-ठाणे गाडी सुटण्याच्या २१ वर्षं आधी. वाफेचं इंजिन लाकडी डबे ओढत शेतांमधून पॅरडाइसपर्यंत जातं आणि परत येतं, जेमतेम पाऊण तास. ज्या लीमन प्लेस जंक्शनवर गाडी फिरते, त्याच परिसरावरून आपल्या पुलाचं नाव आहे. ऑक्टोबरात आणि नाताळच्या आसपास तिकीट आधी काढा, हिवाळ्यात वेळापत्रक आखडतं. समोरच पेन्सिल्व्हेनियाचं रेल्वे संग्रहालय आहे. रेल्वेत नोकरी केलेले कुणी काका सोबत असतील तर त्यांच्यासाठी दोन तास वेगळे राखून ठेवा, नंतर ओढून बाहेर काढावं लागतं.

उत्तरेला लिटिट्स. १७५६ साली मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलं आणि जवळजवळ शंभर वर्षं पंथाबाहेरच्या माणसाला तिथे घर घेता येत नव्हतं. म्हणूनच मुख्य रस्ता इतका एकसंध दिसतो. इथल्या ज्युलियस स्टर्जिस बेकरीत १८६१ पासूनची प्रेट्झेलची परंपरा आहे आणि पिठाची गाठ कशी घालायची ते स्वतः करून बघता येतं. आईने पहिल्याच प्रयत्नात घातली, चकली पाडणाऱ्या हाताला ते अवघड नाही. गावाच्या दफनभूमीत जॉन सटर यांची कबर आहे. कॅलिफोर्नियात ज्यांच्या गिरणीपाशी सोनं सापडलं आणि सोन्यापायी आलेल्या गर्दीत ज्यांची जमीन गेली, ते हे गृहस्थ शेवटची वर्षं या शांत गावात राहिले.

खाण्याचं

शाकाहारी मंडळींनी हे नीट वाचा. 'पेन्सिल्व्हेनिया डच' (म्हणजे इथल्या जर्मन मूळच्या लोकांचं) जेवण भरपूर असतं आणि त्यात मांस कुठूनही डोकावतं. बीन सूपमध्ये हॅम, नूडल्स कोंबडीच्या रश्शात, स्क्रॅपल म्हणजे डुकराचं मांस आणि मक्याचं पीठ. पायच्या कवचात चरबी असते का ते विचाराच. लाजू नका, त्यांना सवय आहे.

बिनधास्त घेण्यासारखं म्हणजे गरम मऊ प्रेट्झेल आणि चाउ-चाउ. चाउ-चाउ हे मिश्र भाज्यांचं आंबटगोड लोणचं, थालीपिठाबरोबर उत्तम लागतं. थालीपीठ अर्थातच घरून न्यायचं. अ‍ॅपल बटरमध्ये लोणी नसतं, ते सफरचंदाचा गर मसाला घालून तासन्‌तास आटवून केलेलं असतं. बाबा त्याला मोरावळ्याचा भाऊ म्हणतात. शूफ्लाय पाय काकवीचा. कवचाची शंका फिटली तर गूळ आवडणाऱ्याला आवडेलच.

रस्त्याच्या कडेला फार्मसमोर टेबलावर भाज्या, अंडी, जॅम आणि पैशांचा डबा ठेवलेला असतो, माणूस नसतो. सुटे डॉलर जवळ ठेवा. डब्यातून उरलेले पैसे काढण्यापेक्षा एक जास्तीचा टोमॅटो घ्या.

आमिश शेजारी

ती मंडळी प्रदर्शनात उभी नाहीत, आपल्या कामात आहेत. चेहऱ्याचे फोटो काढू नका, त्यांच्या श्रद्धेत ते बसत नाही. दुरून घोडागाडी शेतातून चाललीय असा फोटो चालतो, गाडी थांबवून खिडकीतून फोन रोखणं चालत नाही. लँकेस्टरच्या आमिश घोडागाड्या करड्या रंगाच्या, मागे नारिंगी त्रिकोण. ओलांडताना भरपूर अंतर ठेवा आणि चढावर ओलांडूच नका. मुलं सायकलऐवजी पायाने ढकलायच्या स्कूटरवर असतात, वळणावर अचानक समोर येतात. संध्याकाळ झाली की या रस्त्यांवर दिवे नसतात, म्हणून अंधाराआधी मोठ्या रस्त्याला लागा.

दुकानात बोलायला हरकत नाही. आपसात ते जर्मनच्या एका बोलीत बोलतात, आपल्याशी इंग्रजीत. एका रजईवाल्या बाईंना आईने गोधडीचा फोटो दाखवला. त्या दोघी टाक्यांवरून बराच वेळ बोलल्या, मी मधे दुभाषी. कुठलाही पूल आईला इतका आवडला नाही.

म्हातारी माणसं आणि लहान मुलं सोबत असतील तर

पुलांपाशी स्वच्छतागृह नसतं. एकाही पुलापाशी नाही, असंच धरून चाला. बाजार, स्टेशन किंवा लिटिट्सची बाग, जिथे सोय दिसेल तिथे सगळ्यांना पाठवा, "मला नाही आली" म्हणणाऱ्यालाही. फोल्डिंग खुर्ची गाडीत ठेवा. फळ्यांमध्ये फटी असतात, काठी अडकते, म्हणून आत चालताना काठीऐवजी हाताचा आधार द्या. पाण्याची बाटली, टोपी, डास पळवायचं मलम. पूल पाहायला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो आगगाडी, बाजार आणि रजई या तिघांवर, आणि तिसऱ्यावर सर्वांत जास्त.

इतक्या लांब जायचं नसेल, किंवा तुम्ही दुसऱ्याच टोकाला असाल

न्यू जर्सीत जुन्यांपैकी एकच पूल उरलाय, स्टॉकटनजवळचा ग्रीन सार्जंट्स, १८७२ चा. तिथून डेलावेअर नदी ओलांडून बक्स काउंटीत गेलात तर आणखी बारा पूल आहेत आणि ते वेगळे आहेत. तिथे कमान नाही. फळ्या एकमेकींवर तिरक्या टाकून जाळी विणलीय. इथिएल टाउन यांची १८२० ची ही पद्धत, मोठ्या तुळया आणि कसलेले सुतार नसले तरी चालावं म्हणून शोधलेली. न्यू होप गावात जेवण आणि दोन पूल, अर्धा दिवस पुरतो.

इंडियानातली मंडळी पार्क काउंटीला जाऊ शकतात. तिथे ३१ पूल आहेत आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारपासून दहा दिवस त्यांचा उत्सव चालतो. गर्दी नको असेल तर उत्सवाच्या आधीच्या आठवड्यात जा. बोस्टनवाल्यांना कनेक्टिकट नदीवरचा कॉर्निश-विंडसर पूल, १८६६ चा, ४४९ फुटांचा. एक टोक न्यू हॅम्पशायरमध्ये, दुसरं व्हरमाँटमध्ये. ओहायोत अ‍ॅशटबुला काउंटीत ६१३ फुटांचा स्मोलन-गल्फ पूल आहे. तो २००८ चा, म्हणजे जुना नाहीच, पण लाकडाने अजून काय होऊ शकतं ते दाखवतो. आणि बे एरियातल्यांसाठी दक्षिण यूबा नदीवरचा ब्रिजपोर्ट पूल, १८६२ चा, दुरुस्तीनंतर २०२१ साली पुन्हा उघडलेला. तिथे गाडी आत नेता येत नाही, चालतच जावं लागतं. नदीचं पाणी उन्हाळ्यातही थंड असतं आणि खडक निसरडे, तेव्हा पोरांना पाण्यात सोडण्याआधी स्वतः पाय घालून बघा.